तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी एकच दिवस: छोट्या नितळ ओढ्यावर फ्लाय कशी टाकायची?

मुठेकाठचा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलात बंजारला मुक्काम आहे. त्यातला एक अख्खा दिवस ट्राउटसाठी राखून ठेवलाय. जागा दोन डोक्यात आहेत: गुशैणीच्या आसपासची तीर्थन, आणि गुशैणीतच तिला येऊन मिळणारा फलाचनचा ओढा.

सामान असं: ९ फुटी ५ नंबरचा रॉड, वेट-फॉरवर्ड (पुढचं टोक जाड असलेली) तरंगती लाइन, तिच्या टोकाला जोडायचा ९ फुटी बारीक लीडर आणि डबीभर फ्लाय (पिसं-दोऱ्याने किड्यासारखे बांधलेले गळ). मैदानावर १५ मीटरपर्यंत लाइन सरळ पडते. पण फोटोत दिसतात ते ओढे जेमतेम चार-पाच मीटर रुंद, वर विलोच्या फांद्या आणि पाणी काचेसारखं. तिथे १५ मीटर टाकून करायचं काय?

विचारायचंय ते एवढंच. सामानात काय बदलू? दिवस कसा लावू, म्हणजे कुठून आणि किती वाजता सुरुवात? आणि फ्लाय नीट तरंगत असतानाही ट्राउट वर येते, नाक लावते आणि परत फिरते म्हणतात, ते कशामुळे? स्पिनर किंवा चमचा (धातूची चमकती आमिषं) लावा हा सल्ला कृपया नको.

खवलेमवले

आधी सामान, कारण ते पुण्यातच बदलता येईल.

५ नंबरचा रॉड चालेल, पण ९ फूट लांबी फांद्यांखाली नडते. साडेसात ते आठ फुटी ३ किंवा ४ नंबरचा रॉड कुणाकडून उसना मिळाला तर घ्या. नवा विकत घेण्याइतकं हे मोठं कारण नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट लाइनच्या वजनाची. लाइनवरचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ४ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १२० ग्रेन भरतात, ५ नंबरचे १४० ग्रेन. छोट्या ओढ्यावर रॉडच्या टोकाबाहेर लाइन असते १२-१५ फूट, म्हणजे निम्मं वजनही बाहेर नसतं. मग रॉड वाकतच नाही, आणि माणूस ती कसर मनगटाच्या जोराने भरून काढायला जातो. परिणाम असा की लाइन पाण्यावर आपटते आणि लीडरचा गुंता होतो. उपाय सोपा: ४ च्या रॉडवर ५ ची लाइन. तुमच्या ५ च्या रॉडवर ६ ची लाइन लावलीत तरी तेच साधेल.

लीडर ९ फुटीच ठेवा, ४एक्सपर्यंत निमुळता होणारा. त्याच्या टोकाला ६० ते ७५ सेंटिमीटर ५एक्स टिपेट (शेवटचा, सगळ्यात बारीक धागा) सर्जन गाठीने जोडा. जाडी लक्षात ठेवायची युक्ती अशी: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच. ५एक्स म्हणजे ६ हजारांश, ०.१५ मिलिमीटर. १४ आणि १६ नंबरच्या फ्लायला ५एक्स, १८ ला ६एक्स. जाड टिपेटवर बारीक फ्लाय लावली की ती काडीला टोचल्यासारखी ताठ राहते, प्रवाहाबरोबर हलत नाही. उलट बारीक टिपेटवर मोठी फ्लाय लावली की फेकताना ती गिरक्या घेते आणि टिपेटला पीळ पडतो.

फ्लायला सुधारित क्लिंच गाठ, पाच वेढे. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतं. तुटलेलं टोक फेकून देऊ नका, आधी बघा. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सुटली आहे, म्हणजे चूक बांधण्यात. टोक सरळ असेल तर टिपेट तुटलंय, दगडाला घासून किंवा जोराचा झटका बसून. आणि अधूनमधून लीडरवरून बोट फिरवत चला. मधेच आपोआप पडलेली साधी गाठ लागली तर तेवढा तुकडा कापून नवा जोडा. तिथे ताकद जवळजवळ निम्मी झालेली असते.

फ्लायच्या डबीत पंचवीस जाती नकोत. पॅराशूट अ‍ॅडम्स १४ आणि १६, एल्क हेअर कॅडिस १४ आणि १६, फेझंट टेल निंफ (बुडणारी, पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय) मण्याची १६, हेअर्स इअर १४, आणि एक काळी मुंगी १६. प्रत्येकी तीन-चार, कारण विलो आपला वाटा घेतेच. सगळ्यांच्या गळाचा टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. हे घरी करा, ओढ्यावर गार बोटांनी करताना गळाचं टोक मोडतं.

बाकी सामान गळ्यात लटकेल एवढंच: टिपेटची दोन रिळं, नेल-कटर, मेडिकलच्या दुकानात मिळते ती पाच इंची आर्टरी फोर्सेप, फ्लाय तरंगती ठेवणारं जेल आणि फ्लाय कोरडी करायची पावडर. सीडीसी (बदकाच्या शेपटीजवळच्या) पिसांच्या फ्लायला जेल लावू नका, पिसं चिकटून बसतात आणि ती दगडासारखी बुडते. पोलराइज्ड चष्मा मात्र हवाच हवा. त्याच्याशिवाय तुम्ही पाण्याचं वरचं कातडं बघत बसाल, तळ दिसणारच नाही.

वरच्या_अंगाला

सामान ठीक आहे, पण अशा ओढ्यावर मासा गमावला जातो तो बहुतेक वेळा फेकण्याआधीच. मैदानावरच्या १५ मीटरची इथे किंमत शून्य. इथे सहा-सात मीटर, तेही गुडघ्यावर बसून.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, म्हणून खालच्या अंगाने वर चढत जायचं, तिच्या पाठीमागून. एवढं सगळ्यांना माहीत असतं. राहून जातं ते उंचीचं गणित. पाण्याखालून बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीच्या कडेला, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे असेल ते इतकं दबलेलं आणि अंधुक दिसतं की मासा त्याची दखल घेत नाही. म्हणजे १० मीटरवर पावणेदोन मीटर उंचीपर्यंतचं तुम्ही लपता. सहा मीटरवर फक्त एक मीटर. म्हणून सहा मीटरवर गुडघे टेकायचे. आणि ही उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, पायाखालच्या जमिनीपासून नाही. मीटरभर उंच काठावर बसलात तर बसूनही उभेच आहात. उलट गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की तेवढी उंची आपसूक कमी होते.

रॉड हलताना वर चमकतो, त्याला हे सगळं लागू आहे. म्हणून फेक आडवी, कमरेच्या उंचीवरून. त्याने फांद्याही टळतात. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पुढे पडते, तेव्हा बाजू बदला. कपडे राखाडी, शेवाळी, मातकट. लाल टोपी फोटोत छान दिसते, ती हॉटेलवर ठेवा.

पाय टाकताना गोटा गोट्यावर घासला की तो आवाज पाण्यातून लांब जातो. लोखंडी टोकाची काठी टकटक वाजवत चालणारा माणूस पुढचे तीन डोह आधीच रिकामे करत जातो. बांबूची काठी घ्या, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधा.

आता पाणी वाचणं. छोटा ओढा म्हणजे पायऱ्या: एक डोह, त्याखाली खळाळ, परत डोह. प्रत्येक डोहाची चार ठिकाणं धरा. खालचं टोक, जिथून पाणी पुढच्या खळाळात उतरतं. दोन्ही काठांकडचं संथ पाणी. मधली शिवण, म्हणजे वेगवान धार आणि संथ पाणी जिथे घासतात ती रेघ. तिथेच फेसाची माळ वाहताना दिसते आणि तिथेच खाणंही वाहून येतं. आणि डोक्याकडचा भाग, जिथे धार डोहात पडते.

फेकायचं याच क्रमाने. बहुतेक जण सुंदर दिसतं म्हणून थेट डोक्याकडे टाकतात. तेव्हा लाइन पडते ती खालच्या टोकाला उभ्या असलेल्या माशाच्या पाठीवर. तो वर पळतो आणि पळताना अख्ख्या डोहाला वर्दी देतो. त्यानंतर तिथे तासभर बसलात तरी काही नाही.

खळाळातले मोठे धोंडे सोडू नका. धोंड्याच्या मागे मासा असतो हे लोकांना माहीत असतं, पण धोंड्याच्या पुढे, जिथे पाणी आदळून उशीसारखं फुगतं, तिथेही मासा असतो आणि बऱ्याचदा तोच मोठा असतो. मागच्या बाजूला निंफ, पुढच्या बाजूला वर तरंगणारी फ्लाय.

एका जागेवर तीन-चार फेका पुरे. डोह मोठा असेल तर दहा. छोट्या ओढ्यावरची ट्राउट फार विचार करायला मोकळी नसते: खाणं समोरून जातं, घेतलं तर घेतलं. पहिल्या दोन फेकांत घेतलं नाही तर एक तर ती तिथे नाही किंवा तुम्हाला बघून गेली आहे. पुढे चला. दिवसाला दीड-दोन किलोमीटर ओढा नीट झाला तर भरपूर झाला.

वेळेबद्दल: ऑक्टोबरात पहाटे उठून गारठ्यात कुडकुडायची गरज नाही. सकाळी पाणी सगळ्यात थंड असतं आणि मासा तळाला सुस्त. ऊन ओढ्यात उतरलं की, म्हणजे साडेनऊ-दहाला सुरू करा. ११ ते ३ सगळ्यात चांगलं. दरी अरुंद आहे, चारच्या आसपास सावली येते आणि पाण्यावरचे किडे बंद होतात. मे-जूनमध्ये हे सगळं उलटं असतं. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं आणि गढूळतं, त्यामुळे तेव्हा सकाळच खरी. तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे, पावसाचा गाळ बसून पाणी उतरलेलं असतं. पण पाणी उतरलेलं म्हणजे मासा अधिक बिचकणारा, हेही धरून चाला.

तीन_फुटी_काठी

सामानाच्या यादीत एक भर, आणि एक विरोध.

भर: नितळ संथ पाण्यात टिपेट तरंगत राहिलं तर उन्हात त्याची जाड सावली तळावर पडते. फ्लाय तरंगावी, टिपेटचा शेवटचा अर्धा मीटर बुडावा. त्यासाठी मुलतानी मातीत भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब घालून घट्ट गोळा मळा. त्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घातले तर वाळत नाही. छोट्या डबीत ठेवा आणि दर अर्ध्या तासाने टिपेट त्यातून ओढा. तेलकटपणा जातो, चमकही जाते. जेल लावलेल्या बोटांनी टिपेट हाताळू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

विरोध: इथे कुणीतरी लवकरच ड्राय-ड्रॉपर सुचवेल, म्हणजे वर तरंगती कॅडिस आणि तिच्या गळाच्या बाकाला ४५-५० सेंटिमीटर टिपेट बांधून खाली निंफ. खळाळात ते छान चालतं. पण फांद्यांखाली, आडव्या फेकीत, एका दिवसासाठी आलेल्या माणसाने सुरुवातच त्याने करू नये. दोन गळ म्हणजे गुंता दुप्पट नाही, चौपट. शिवाय खालच्या थराचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं, त्यामुळे निंफ वरच्या फ्लायला मागे खेचते आणि संथ पाण्यात ती खेच मासा बघतो. दुपारपर्यंत एकच फ्लाय. परवान्यावर एकाच गळाची अट असेल तर हा विषय तिथेच संपला.

खवलेमवले

ड्राय-ड्रॉपर मीच सुचवणार होतो 🙂 खळाळापुरता माझा आग्रह कायम आहे. दहा वाजता पाणी गार असताना वर काहीच उठत नाही, तेव्हा निंफशिवाय पर्याय नाही. पण डोहावर आलात की ड्रॉपर कापा, हे मान्य.

मुठेकाठचा

हे अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. दोन गोष्टी अजून अडल्यात. नाक लावून परत फिरणाऱ्या माशाबद्दल कुणी लिहिलं नाही. आणि जिथे मागे फांद्या, वरही फांद्या, तिथे फेकायचं कसं? रोल कास्ट (लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे गुंडाळत टाकायची फेक) बऱ्यापैकी जमते, पण तिचा आवाज फार होतो.

शिवणरेघ

नाक लावून परत फिरणं म्हणजे बहुतेक वेळा ड्रॅग. फ्लाय चुकीची आहे म्हणून डबी उघडून बसण्याआधी ड्रॅग बघा.

होतं असं. फ्लाय संथ पाण्यावर आहे, पण तुमच्या आणि तिच्या मधे वेगवान धार आहे. धार लाइनला पोटातून ओढते, लाइन कमानीसारखी वाकते आणि फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने सरकते. जास्त ड्रॅग असेल तर फ्लायमागे इंग्रजी व्ही सारखी रेघ उमटते आणि तुम्हालाही दिसते. नडतो तो सूक्ष्म ड्रॅग. सहा मीटरवरून तुम्हाला फ्लाय मजेत वाहताना दिसते, पण तिच्या शेजारून तरंगणारं पान जरा मागे किंवा पुढे पडत जातं. मासा ते दोन सेंटिमीटरवरून बघतो. म्हणून सवय लावा: नजर फ्लायवर नको, फ्लाय आणि तिच्या शेजारचा फेसाचा बुडबुडा या जोडीवर हवी. दोघांतलं अंतर बदललं की ड्रॅग.

छोट्या ओढ्यावर त्याचा पहिला उपाय म्हणजे जवळ जाणं. दुरून सुंदर मेंड करण्यापेक्षा (म्हणजे पडलेली लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवण्यापेक्षा) दीड मीटर पुढे सरकून रॉड उंच धरा, लाइन पाण्याला लागूच देऊ नका. पाण्यावर फक्त लीडरचा शेवटचा भाग आणि फ्लाय. ९ फुटी रॉडचा एकमेव फायदा इथे आहे, त्यामुळे उसना छोटा रॉड मिळाला नाही तर हळहळू नका.

दुसरा उपाय, फेकतानाच ढील सोडणं. फेक डोळ्यांच्या उंचीला थांबवा आणि लगेच टोक खाली आणा. टिपेट सरळ न पडता सापासारखं वळवळत पडतं. ती वळणं सरळ होईपर्यंत फ्लायला मोकळीक मिळते. दीड-दोन सेकंद मिळाले तरी छोट्या खळग्यात तेवढेच लागतात.

सगळ्यात वाईट ड्रॅग डोहाच्या खालच्या टोकाला, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे जिथे पहिली फेक टाकायची तिथेच. पाणी कडेवरून खाली उतरताना वेग घेतं. तुम्ही खालून फेकता, लाइन त्या कडेवर पडते आणि फ्लाय पडल्या क्षणी खेचली जाते. तिथे कडेवरचा एखादा कोरडा धोंडा शोधा आणि लाइन त्याच्यावर टाका, पाण्यात फक्त लीडर जाऊ द्या. धोंडा नसेल तर कडेच्या अगदी खाली, खळाळाच्या आवाजाच्या आडोशाने गुडघ्यावर जा आणि रॉड उंच धरून फक्त लीडर वर टाका. तिथला आवाज आणि फेस तुम्हाला झाकतो.

ड्रॅग नाही, तरीही मासा परततो? मग टिपेट एक नंबर बारीक करा. तरीही परतला तर फ्लाय एक नंबर लहान करा, तीच जात, १४ ऐवजी १६. जात बदलायची ती सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक बदलानंतर त्या माशाला पाच मिनिटं एकटं सोडा.

फांद्यांखालची फेक: बो-अँड-अ‍ॅरो. रॉडच्या टोकाबाहेर साधारण रॉडच्या लांबीएवढं लीडर काढा. डाव्या हाताच्या चिमटीत फ्लाय गळाच्या बाकावर धरा, टोक चिमटीच्या बाहेर आणि बोटांपासून दूर. उजव्या हाताच्या बोटाने लाइन रॉडवर दाबून ठेवा. फ्लाय मागे ओढून रॉडचं टोक धनुष्यासारखं वाकवा, टोक लक्ष्याकडे रोखा आणि चिमूट सोडा. हात हलवायचा नाही, फक्त सोडायचं. चार-साडेचार मीटरवर फ्लाय फांदीच्या खालून सुळकन जाते. चुका दोन होतात. सोडताना माणूस रॉड पुढे ढकलतो, मग लीडर गोळा होऊन पडतो. आणि फ्लाय टोकाकडून धरली तर गळ बोटात जातो. काटा दाबलेला असेल तर निघतोही लगेच, पण दिवसाची सुरुवात तशी नको.

रोल कास्टचा आवाज होतो कारण लाइन पाण्यावरून उपटली जाते. डोहावर नको, खळाळात खुशाल करा, तिथे कोण ऐकतंय.

मासा फ्लाय घेतो तेव्हाची एक गोष्ट. वरच्या दिशेने फेकल्यावर फ्लाय तुमच्याकडे वाहत येते आणि मधली लाइन सैल पडत जाते. ती पाण्याच्या वेगानेच डाव्या हाताने गोळा करत राहा. मासे निसटतात त्यातले निम्मे या सैल लाइनमुळे: तुम्ही रॉड उचलता, पण उचललेली असते फक्त ढील. ढील नसेल तर मनगट उचलून टोक ३० सेंटिमीटर वर गेलं तरी पुरे. इथली ट्राउट बरीचशी वीतभर, जोराचा झटका दिलात तर ती उडून तुमच्या मागच्या विलोवर जाईल.

घरी सराव करायचा तर मैदानावर सहा मीटरवर जेवणाचं ताट ठेवा, गुडघ्यावर बसा आणि फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून आडव्या फेकीने ताटात टाका. दहापैकी सात पडायला लागले की निघा.

दगडशेवाळ

फेकीबद्दल पुरेसं झालं, आता ज्याच्यावर दिवस अडतो ते.

परवाना मत्स्य विभागाचा, दिवसाचा आणि दर रॉडचा. बंजारहून गुशैणीला जाताना वाटेत नागिणीला विभागाचं ट्राउट केंद्र आहे, तिथे चौकशी करा. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. आदल्या दिवशीच काढून ठेवा, कारण तुमचा पहिला आठवडा आहे आणि २ ऑक्टोबरला सरकारी सुट्टी. दसरा जवळ असेल तर आणखी एक. कुल्लूचा दसरा विजयादशमीला संपत नाही, तिथे तो त्या दिवशी सुरू होऊन आठवडाभर चालतो, आणि भुंतर-कुल्लू रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. चंदीगड-मंडीकडून येत असाल तर औटचा बोगदा सुरू होण्याआधीच बंजारचा रस्ता फुटतो, त्यामुळे ती गर्दी लागत नाही. विमानाने भुंतरला उतरलात तर लागू शकते.

परवान्यावर किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ते छापलेलं असतं. त्या लांबीची खूण रॉडच्या मुठीजवळ पांढऱ्या धाग्याने करून घ्या, मोजपट्टी काढावी लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण तो ब्राउन ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ. ऑक्टोबरात त्याची तयारी सुरू झालेली असते. डोहांच्या खालच्या टोकाला, उथळ पाण्यात, आजूबाजूच्या शेवाळी तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका आणि तिथे जोडीने फिरणाऱ्या माशांना फ्लाय दाखवू नका.

ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. मत्स्य विभागाचा परवाना हद्दीपर्यंतच, आत फिरायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जाळी रबराची, दोऱ्याची नको. पोट दाबू नका, कल्ल्यांत बोट घालू नका. गळ खोल गेला असेल तर उचकटू नका, टिपेट तोंडाजवळ कापा. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरा, शेपटीने स्वतः निसटेपर्यंत. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा वर, दहा सेकंदांत परत खाली. अंगावर फिकट कड्यातले लाल ठिपके म्हणजे ब्राउन. कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही ठिपके म्हणजे रेनबो, तो बहुधा एखाद्या मत्स्यशेतीतून निसटलेला. पर झिजलेले असतील तर नक्कीच. तसे दोघेही इथले पाहुणेच. ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी १९०० मध्ये काश्मीरात आणली आणि १९०९ च्या सुमारास तिथून कुल्लूत.

पाण्यात उतरण्याबद्दल. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिलेले नाहीत, म्हणून तिथे अचानक पाणी सोडलं जाण्याची भीती नाही. भीती वरच्या पावसाची. डोक्यावर ऊन असलं तरी पाण्याचा रंग चहासारखा व्हायला लागला, काटक्या आणि पानं वाहून यायला लागली की फेक अर्धवट सोडून काठावर या, आणि ज्या काठावर रस्ता आहे त्याच काठावर. खाली लारजीजवळ बियासवर मात्र चुकूनही उतरू नका. २०१४ च्या जूनमध्ये थलोटजवळ धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले होते, ते ठिकाण तेच.

वेडर (पाणी न शिरणारी उंच विजार) लागत नाहीत. पटकन वाळणारी पँट, निओप्रिनचे मोजे आणि पकड असलेले बूट पुरे. वेगवान पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. ओलांडताना तिरकं, खालच्या दिशेने, एका वेळी एकच पाय. बूट सह्याद्रीतल्या ओढ्यात वापरलेले असतील तर नेण्याआधी पूर्ण वाळवा, एका पाण्यातलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.

घाटावरचा_पोहरा

जरा आडवा प्रश्न. महाबळेश्वर, भंडारदरा इथलं पाणीही गार आणि नितळ असतं. तिथे ट्राउट का नाही सोडत? हिमाचलापर्यंत जायची कटकट वाचेल.

वरच्या_अंगाला

हाताला गार लागणं वेगळं. ट्राउटला १० ते १६ अंश हवेत, १९-२० च्या वर पाण्यातला ऑक्सिजन तिला पुरत नाही. सह्याद्रीतले ओढे पावसाचे, बर्फाचे नाहीत. एप्रिल-मेमध्ये ते आटतात किंवा डबक्यांत तापतात. दक्षिणेत निलगिरीत रेनबो टिकली ती दोन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीमुळे, आणि आपलं कळसूबाईचं टोकच १,६४६ मीटर. शिवाय बाहेरून आणलेला शिकारी मासा आपल्या ओढ्यांतल्या देशी माशांवर सोडायचा कशाला? सह्याद्रीत फ्लायला खडस (महसीर) येतो, त्याचा स्वतंत्र धागा काढा. फक्त महाडजवळच्या वाळणकोंडीचे मासे देवीचे आहेत, तिथे गळ घेऊन कुणी जाऊ नये.

मुठेकाठचा

मुलतानी माती घरात निघाली. ६ ची लाइन आणि ७ फुटी १० इंची ४ चा रॉड, दोन्ही मिळतायत. म्हणजे ४ च्या रॉडवर ६ ची लाइन होईल. चालेल?

खवलेमवले

नको, दोन नंबरांची उडी जास्त होते, रॉड मधूनच वाकून राहतो आणि फेक कोलमडते. तुमची ५ चीच लाइन त्या ४ च्या रॉडवर लावा. फक्त रिळावर भरताना वेट-फॉरवर्डचं जाड टोक बाहेरच्या बाजूला आलंय ना ते बघा. लाइन उलटी भरली गेली तर मैदानावरच कळेल, बंजारला पोचून कळण्यात अर्थ नाही.